मस्टँग घ्यायची ठरली. कोणती घ्यावी आणि किती द्यावेत?

गेल्या काही महिन्यांत अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांकडून एकाच विषयावर इतकी पत्रे आली, की या अंकातील सदर त्या विषयासाठीच राखून ठेवले आहे. त्याचे कारण उघड आहे. डॉज चॅलेंजरचे उत्पादन २०२३च्या अखेरीस थांबले, शेवरोले कमॅरो २०२४च्या मॉडेलनंतर बंद झाली, आणि डॉज चार्जर परतली ती आधी विजेवर आणि मग सहा सिलिंडरच्या इंजिनासह. ज्यांना दोन दारांची, आठ सिलिंडरची, सामान्य कमावत्या माणसाच्या आवाक्यातली नवी अमेरिकन गाडी हवी आहे, त्यांच्यासमोर आता फोर्ड मस्टँगच उरली आहे. एप्रिल १९६४मध्ये न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात पहिल्यांदा दिसलेली ही गाडी आज सातव्या पिढीत आहे. तिच्याविषयीच्या निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी एडिसन, न्यू जर्सी येथे राहतो. वय त्रेचाळीस. सांगलीला इंजिनिअरिंगला असल्यापासून मस्टँग घ्यायचे मनात आहे आणि आता ते जमेल असे वाटते. घरी रोजच्या वापराची एसयूव्ही आहे. मुले आठ आणि अकरा वर्षांची आहेत. कर आणि सर्व शुल्के धरून ५५ हजार डॉलरच्या वर जायचे नाही. इकोबूस्ट घ्यावी की जीटी, मॅन्युअल की ऑटोमॅटिक, परफॉर्मन्स पॅक घ्यावे की प्रीमियम, यात मी पुरता अडकलो आहे. पत्नी म्हणते की गरम होणारी सीट नसेल तर ती त्या गाडीत बसणार नाही. माझे म्हणणे, पैसे इंजिनावरच खर्च करावेत. आपले मत काय?

उत्तर : पर्यायांची यादी समोर आली की प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहावा, असे मी नेहमी सुचवतो : ही वस्तू नंतर बसवता येईल का? जी येणार नाही, किंवा येईल पण दुप्पट खर्चाने आणि वॉरंटीचा वाद ओढवून घेऊन येईल, तिच्यावर आज पैसे घालावेत. जी येईल, ती आज सोडून द्यावी.

या कसोटीवर इंजिन सर्वांत आधी येते. इकोबूस्टमधील २.३ लिटरचे चार सिलिंडरचे टर्बो इंजिन ३१५ अश्वशक्ती आणि ३५० पाउंड-फूट टॉर्क देते, आणि ते कमी प्रतीचे इंजिन मुळीच नाही. शहरात आणि हायवेवर त्याची ओढ भरपूर आहे आणि पेट्रोलही बरेच कमी लागते. परंतु आपण वीस वर्षे मनात धरून ठेवलेली गोष्ट ही आकड्यांची नाही. जीटीतील ५ लिटरच्या व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या, इंजिनाची ४८० अश्वशक्ती आणि त्याहूनही त्याचा आवाज, या दोन गोष्टी चार सिलिंडरच्या गाडीत पुढे कितीही पैसे घातले तरी येणार नाहीत. घरात दुसरी गाडी असताना आणि ही गाडी हौसेची असताना इकोबूस्ट घेतलीत, तर दोन वर्षांत तीच विकून जीटी घेण्याचा विचार सुरू होईल, आणि त्या अदलाबदलीत जो तोटा होईल तो आजच्या दोन किमतींमधल्या फरकाच्या जवळपास जाईल. तेव्हा जीटी घ्यावी.

गिअरबॉक्सच्या बाबतीत इकोबूस्ट आपोआप बाद होते, कारण सातव्या पिढीत तिच्यासोबत केवळ दहा गतींची ऑटोमॅटिक मिळते. सहा गतींची मॅन्युअल हवी असेल तर ती जीटीत किंवा डार्क हॉर्स या तिच्याहून वरच्या मॉडेलमध्येच आहे. ऑटोमॅटिक अधिक वेगवान आहे आणि रूट १ वरच्या संध्याकाळच्या गर्दीत ती निश्चितच सुखाची आहे. तरीही आपण ही गाडी कामावर रोज नेणार नसाल, तर माझा कौल मॅन्युअलच्या बाजूने आहे. शिवाय ऑटोमॅटिकसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. फक्त एक अट आहे : पत्नीलाही ही गाडी चालवायची असेल, तर निर्णय दोघांनी टेस्ट ड्राइव्हनंतर घ्यावा, आधी नाही.

आता परफॉर्मन्स पॅककडे वळू, कारण बहुतेक पत्रलेखक येथेच अडकले आहेत. हे पॅक साधारण पाच हजार डॉलरच्या घरात जाते आणि त्यात पुढच्या चाकांना सहा पिस्टनचे मोठे ब्रेम्बो ब्रेक, मागच्या दोन चाकांत ताकद वाटून देणारे टॉर्सन प्रकारचे डिफरन्शियल, अधिक रुंद मागची चाके आणि चेसिसला अधिक ताठर करणारे भाग येतात. मॅग्नराइड हे रस्त्यानुसार आपला कडकपणा बदलणारे सस्पेन्शन हवे असेल, तर तेही या पॅकशिवाय मिळत नाही. हे सर्व भाग उत्तम आहेत, आणि जो वर्षातून तीन-चार वेळा ट्रॅकवर जाणार आहे त्याने ते डोळे मिटून घ्यावेत, कारण हेच भाग बाहेरून बसवायला गेल्यास किंमत किती तरी वाढते. पण या पॅकबरोबर उन्हाळी टायर येतात, आणि ही गोष्ट विक्रेते स्वतःहून क्वचितच सांगतात. सुमारे ७ अंश सेल्सिअसखाली त्या टायरांचे रबर कडक होते आणि कोरड्या रस्त्यावरही पकड सुटू लागते. बर्फाची तर गोष्टच नको. न्यू जर्सीत नोव्हेंबर ते मार्च गाडी बाहेर काढायची असेल, तर पॅकच्या किमतीत हिवाळी टायरांचा दुसरा संच धरूनच हिशोब करावा. आपल्या पत्रात ट्रॅकचा उल्लेखही नाही. म्हणून आपल्यासाठी हे पॅक मी वगळतो.

उरला प्रीमियमचा प्रश्न, आणि येथे मला आपल्या पत्नीचे म्हणणे पूर्णपणे पटते. प्रीमियम या अधिक सोयींच्या आवृत्तीसाठी साधारण चार ते पाच हजार अधिक पडतात, आणि त्यात गरम व थंड होणाऱ्या पुढच्या सीट, अधिक चांगले आतील अस्तर आणि अधिक चांगली ध्वनियंत्रणा मिळते. डॅशबोर्डवरचे मोठे डिजिटल स्क्रीन साध्या जीटीतही येतात, त्यामुळे केवळ स्क्रीनच्या मोहाने प्रीमियम घेऊ नये. पण सीटमधून हवा खेळवण्याची सोय बाहेरून बसवणे व्यवहार्य नाही, आणि ज्या सीटवर आपण दहा वर्षे बसणार ती सीट माझ्या मते इंजिनानंतरचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. जादा पैशांत मिळणाऱ्या रेकारो कंपनीच्या सीट दिसायला देखण्या आहेत आणि वळणावर शरीर घट्ट धरून ठेवतात, परंतु रुंद खांद्यांच्या माणसाला त्या दोन तासांनी टोचू लागतात. त्यांच्यावर अर्धा तास बसून पाहिल्याशिवाय त्या मागवू नयेत, आणि त्यांच्यासोबत गरम-थंड होण्याची सोय मिळते का हे मागणीपत्रावर तपासावे.

ॲक्टिव्ह एक्झॉस्टबद्दल मी आग्रही आहे. धुराच्या नळीतल्या झडपा उघडमीट करून आवाज कमी-जास्त करणारी ही यंत्रणा असलेल्या जीटीची शक्ती ४८६ अश्वशक्तीपर्यंत जाते. ती सहा अश्वशक्ती कोणाला जाणवणार नाही, पण सकाळी सहाला शेजाऱ्यांची झोप न मोडता गाडी बाहेर काढता येणे आणि मोकळ्या रस्त्यावर तिचा पूर्ण आवाज ऐकता येणे ही सोय रोजची आहे. बाहेरचा एक्झॉस्ट बसवला तर ही दुहेरी सोय सहसा मिळत नाही. कोणती वस्तू कोणत्या पॅकेजमध्ये आहे हे कंपनी दरवर्षी बदलते, तेव्हा जुन्या वर्षाच्या माहितीपत्रकावर विसंबू नये.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. काळे छत, बाजूचे पट्टे, मोठी चाके, गालिचे आणि मागचा स्पॉयलर नंतर बसवता येतात, म्हणून आज नकोत. विशेष रंगासाठी जादा पैसे द्यायचे असतील तर खुशाल द्यावेत, कारण रंग पुढे बदलता येत नाही. डार्क हॉर्सची ५०० अश्वशक्ती आणि तिचा ट्रेमेक कंपनीचा गिअरबॉक्स मोह पाडणारे आहेत, पण तिची किंमत ६० हजारांच्या वर असल्याने ती आपल्या मर्यादेबाहेर आहे. मुले सध्या मागच्या सीटवर मावतील. अकरा वर्षांचा मुलगा तीन वर्षांनी तेथे बसणार नाही, हे मात्र गृहीत धरावे. आणि कोणत्याही डीलरकडे पाऊल टाकण्याआधी आपल्या विमा कंपनीकडून जीटीचा आणि इकोबूस्टचा असे दोन्ही दर लेखी मागवावेत. पत्रलेखकांपैकी बऱ्याच जणांनी हे काम सर्वांत शेवटी केले आणि मग हप्त्यांचा हिशोब पुन्हा मांडावा लागला.

प्रश्न : मीही न्यू जर्सीतच राहतो. मला हवी तशी जीटी प्रीमियम एका डीलरकडे उभी आहे. खिडकीवरच्या स्टिकरवर ५३ हजार डॉलर लिहिले आहेत, पण त्याच्या शेजारी डीलरने आणखी एक कागद चिकटवला आहे : 'मार्केट ॲडजस्टमेंट', म्हणजे मागणीच्या नावाखाली वाढवलेली किंमत, ४ हजार, रंगावरचा लेप १,२००, काचांवर नंबर कोरणे ४००. सेल्समन म्हणतो, या गाड्यांना मागणी आहे, सगळीकडे असेच आहे. माझी जुनी होंडा अकॉर्ड तो ९ हजारांना घ्यायला तयार आहे. घासाघीस करणे माझ्या स्वभावात नाही. काय करावे?

उत्तर : आधी त्या दोन कागदांमधला फरक लक्षात घ्यावा, कारण सगळा व्यवहार त्यावर उभा आहे. पहिला कागद कायद्याने लावावा लागतो. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांनी पुढे आणलेल्या १९५८च्या कायद्यामुळे प्रत्येक नव्या गाडीवर निर्मात्याने सुचवलेली किंमत, प्रत्येक पर्यायाची किंमत आणि वाहतुकीचे शुल्क छापलेले असते, आणि गिऱ्हाइकाच्या हाती गाडी जाईपर्यंत तो कागद काढता येत नाही. दुसरा कागद डीलरने स्वतःच्या संगणकावर छापलेला आहे आणि त्यावरील एकही आकडा आपल्याला बांधील नाही. काचेवर नंबर कोरण्यासाठी ४०० डॉलर मागितले जातात, पण तेच काम करायचे साहित्य अगदी किरकोळ किमतीत मिळते. माझ्या स्वतःच्या गाडीच्या वेळी एका डीलरने 'लेप आधीच लावला आहे, तो आता काढता येणार नाही' असे सांगितले होते. मी उत्तर दिले, की लेप राहू द्यावा, मी त्याचे पैसे देणार नाही. आणि तीच गाडी मला लेपाच्या पैशांशिवाय मिळाली.

घासाघीस स्वभावात नसेल तर ती समोरासमोर करूच नये. हा कमीपणा नाही. उलट घरी बसून लिहिणाऱ्याची बाजू भक्कम राहते. दोनशे मैलांच्या परिघातल्या सहा-सात डीलरांची यादी करावी आणि त्यात न्यू यॉर्क व पेनसिल्व्हेनियाचे डीलरही घ्यावेत, कारण विक्रीकर आपण राहता त्या राज्याचाच लागतो. ज्यांच्याकडे आपल्याला हवी तशी गाडी उभी आहे त्यांना तिचा स्टॉक नंबर देऊन एकच पत्र पाठवावे. त्यात इतकेच लिहावे, की ही गाडी मला घ्यायची आहे, मी या आठवड्यात निर्णय घेणार आहे, मला डीलरने बसवलेली कोणतीही जादा वस्तू नको, आणि कर, नोंदणी व सर्व शुल्के धरून 'आउट द डोर' म्हणजे गाडी दारातून बाहेर काढेपर्यंतची किंमत ओळीनिशी लिहून पाठवावी. काही जण 'आपण प्रत्यक्ष या, मग बोलू' असे उत्तर देतील. त्यांना यादीतून काढावे. दोन-तीन जण खरा आकडा पाठवतील. त्यातला सर्वांत कमी आकडा घेऊन आपल्या जवळच्या डीलरला शांतपणे विचारावे, की आपल्याला याच्या जवळ येता येईल का. बस्स, एवढेच. दुसऱ्याचा आकडा मात्र खरा असावा. खोटा आकडा फेकणे वाईट तर आहेच, पण अनुभवी सेल्समनला ते लगेच कळते.

डीलरकडे जागा कुठे असते हे माहीत असले, की आकड्यांची भीती वाटत नाही. डीलर कंपनीला जी रक्कम देतो तिला इनव्हॉइस म्हणतात आणि ती स्टिकरपेक्षा काही टक्क्यांनी कमी असते; त्याखेरीज फोर्डच्या बाबतीत साधारण तीन टक्क्यांच्या घरातली 'होल्डबॅक' नावाची रक्कम गाडी विकल्यावर डीलरला परत मिळते. म्हणून इनव्हॉइसच्या भावाने विकूनही त्याच्या हाती काही उरते. उलट बाजूने, उभ्या गाडीवर त्याला दर महिन्याला व्याज भरावे लागते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या लेबलावर गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली ते छापलेले असते. ती सहा महिने जुनी असेल, तर 'या गाड्यांना मागणी आहे' हे वाक्य त्या विशिष्ट गाडीला लागू पडत नाही, आणि तसे विनयाने म्हणून दाखवायला हरकत नाही. मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीची मागणी आपल्याकडे थंडीत उतरते. डिसेंबर-जानेवारीतले शेवटचे दिवस, त्यातही महिनाअखेर, हा आपला काळ आहे. कंपनीने जाहीर केलेली सूट ही डीलरची मेहेरबानी नसते. ती वेगळ्या ओळीत दाखवायला सांगावी, नाहीतर तीच रक्कम डीलरची सवलत म्हणून पुढे केली जाते.

आता अकॉर्डविषयी. नव्या गाडीची किंमत लेखी ठरेपर्यंत तिचा विषयच काढू नये, कारण एका हाताने दिलेली सवलत दुसऱ्या हाताने जुन्या गाडीच्या भावातून काढून घेणे ही या धंद्यातली जुनी रीत आहे. पण कराचे गणित समजून घ्यावे. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के आहे आणि जुनी गाडी त्याच डीलरला दिली तर तिची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच कर लागतो. समजा, नवी गाडी ५० हजारांना ठरली. अकॉर्ड ९ हजारांना दिली तर कर ४१ हजारांवर, म्हणजे सुमारे २,७१६ डॉलर. अकॉर्ड बाहेर विकली तर कर पूर्ण ५० हजारांवर, म्हणजे सुमारे ३,३१२ डॉलर. फरक ५९६ डॉलरचा. म्हणून बाहेरचा खरेदीदार ९,६००पेक्षा अधिक देत असेल, तरच ती बाहेर विकण्यात अर्थ आहे. जुन्या गाड्या घेणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांकडून लेखी भाव मागवायला एक दुपार पुरते. आपल्या राज्यात ४५ हजार किंवा त्याहून अधिक किमतीच्या नव्या गाडीवर ०.४ टक्के अधिभारही लागतो. तो खरा आहे आणि त्याबद्दल वाद घालू नये.

कागदपत्रांच्या शुल्काबद्दल मात्र जरूर बोलावे. न्यू यॉर्कमध्ये ते १७५ डॉलरपेक्षा आणि कॅलिफोर्नियात ८५ डॉलरपेक्षा अधिक घेता येत नाही. न्यू जर्सीत अशी मर्यादा नाही, आणि म्हणून येथे पाचशे-सातशेचे आकडे दिसतात. डीलर ते 'सर्वांना सारखेच' म्हणून कमी करणार नाही. त्याने ते ठेवावे आणि तेवढीच रक्कम गाडीच्या किमतीतून कमी करावी, असे सुचवावे. शेवटचा आकडा एकच असल्यावर कोणत्या ओळीत काय लिहिले आहे याने आपल्याला फरक पडत नाही.

त्या ४ हजारांविषयी माझे मत स्पष्ट आहे. जीटीवर, ती प्रीमियम असली तरी, स्टिकरच्या वर एक डॉलरही देऊ नये. तो डीलर ऐकत नसेल, तर दुसऱ्या डीलरमार्फत कारखान्याकडे आपल्या मागणीप्रमाणे गाडी नोंदवावी. त्याला काही आठवडे किंवा महिने लागतात, पण नको असलेल्या पर्यायांचे पैसे वाचतात. नोंदवताना ठरलेली किंमत सहीनिशी घ्यावी आणि अनामत रक्कम परत मिळेल असे त्याच कागदावर लिहून घ्यावे.

प्रश्न : मी मिशिगनमध्ये ॲन आर्बरला राहतो. मस्टँगचा कारखाना येथून तासाभराच्या आत असूनही माझ्या स्टिकरवर वाहतुकीचे शुल्क लावले आहे. ते काढून घेता येईल का? तसेच माझी कंपनी फोर्डला सेवा पुरवते. त्याचा काही लाभ आहे का?

उत्तर : मस्टँग डेट्रॉइटच्या दक्षिणेला फ्लॅट रॉक येथे तयार होते हे खरे, पण वाहतुकीचे शुल्क देशभरासाठी सरासरी काढून ठरवलेले असते, त्यामुळे फ्लॅट रॉकच्या शेजाऱ्याला आणि ओरेगॉनच्या गिऱ्हाइकाला ते सारखेच पडते. ते निघणार नाही. त्यावर वेळ घालवू नये.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक लाभाचे आहे. फोर्डच्या भागीदार कंपन्यांतील कर्मचाऱ्यांसाठी 'एक्स-प्लॅन' नावाची ठरीव किंमत असते. कंपनीच्या लाभ विभागाकडून आपला संकेतांक आणि त्यातून पिन मिळवली, की घासाघीशीचा प्रश्नच उरत नाही. या योजनेत कागदपत्रांच्या शुल्कावरही मर्यादा आहे. आपल्या माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील बरेच मराठी कर्मचारी या योजनेस पात्र असतात आणि त्यांना ते ठाऊकही नसते, याचे मला वाईट वाटते. मात्र डीलरवर या भावाने विकण्याची सक्ती नाही आणि काही विशेष मॉडेले योजनेबाहेर असतात, तेव्हा पिन हाती येताच पहिल्याच पत्रात डीलरला विचारावे. ठरीव किंमत ही कमाल मर्यादा समजावी. वर्षअखेरीच्या सवलतीत त्याहून कमी भाव मिळाल्याची उदाहरणे आहेत.

प्रश्न : मी डॅलसजवळ राहतो आणि एच-१बी व्हिसावर आहे. डीलर म्हणतो, किमतीचे सोडा, महिन्याला किती परवडेल ते सांगा. ८४ महिन्यांचे कर्ज घेतले तर हप्ता सहाशेच्या आत बसेल. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. महिन्याचा हप्ता हा उत्तराचा आकडा आहे, प्रश्नाचा नाही. तो आधी सांगितला की किंमत, व्याज आणि मुदत या तिन्ही गोष्टी डीलरच्या हाती जातात. ४० हजारांचे कर्ज ६ टक्क्यांनी ६० महिन्यांसाठी घेतले तर हप्ता ७७३ डॉलर आणि एकूण परतफेड सुमारे ४६,४०० होते. तेच ८४ महिन्यांसाठी घेतले तर हप्ता ५८४ वर येतो, पण परतफेड ४९ हजारांच्या वर जाते. अधिक काळजीची गोष्ट अशी, की लांब मुदतीच्या कर्जात पहिली तीन-चार वर्षे बाकी रक्कम गाडीच्या बाजारभावापेक्षा अधिक राहू शकते. आपल्यावर अचानक देश सोडण्याची वेळ आली, तर गाडी विकूनही खिशातून पैसे भरावे लागतील. आपल्या परिस्थितीत किमान २० टक्के रक्कम रोख भरावी आणि ६० महिन्यांच्या पुढे जाऊ नये, असा माझा सल्ला आहे. तेवढा हप्ता झेपत नसेल, तर इकोबूस्टचा विचार करण्यात काहीही कमीपणा नाही.

डीलरकडे जाण्याआधी एखाद्या क्रेडिट युनियनकडून, म्हणजे सभासदांच्या पतसंस्थेकडून, कर्जाची मंजुरी घेऊन ठेवावी. बँक डीलरला जो दर देते त्यावर डीलर एक-दोन टक्के चढवून आपल्याला सांगू शकतो आणि तो फरक त्याची कमाई असते. वरच्याच उदाहरणात ६ ऐवजी ८ टक्के लागले, तर पाच वर्षांत सुमारे २,२६५ डॉलर अधिक जातात, म्हणजे महत्प्रयासाने मिळवलेली सवलत त्या एका ओळीत निघून जाते. हाती दुसरा दर असला की 'याहून कमी दर देता का' एवढे विचारले तरी पुरते.

एक अलीकडची सवलतही ध्यानात ठेवावी : अमेरिकेत अंतिम जुळणी झालेल्या नव्या गाडीच्या कर्जावरील व्याज २०२५ ते २०२८ या वर्षांत वार्षिक १० हजार डॉलरपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा करता येते. मस्टँग त्यात बसते. गाडीवर कारखान्याने कोरलेल्या ओळख क्रमांकाचा (व्हीआयएन) पहिला अंक १ असतो, त्यावरूनही ते कळते. एकट्याचे उत्पन्न १ लाखाच्या आणि संयुक्त विवरणपत्रावर ते २ लाखांच्या वर गेले, की ही वजावट घटत जाते, त्यामुळे दोघेही नोकरी करणाऱ्या दांपत्याने तिच्या भरवशावर गाडी मोठी करू नये. लीजवर घेतलेल्या गाडीला ही सवलत नाही.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत मस्टँग घेतो आहे. तीन-चार वर्षांनी परत येताना ती पुण्यात आणता येईल का?

उत्तर : नाही. तेथील गाडीचे स्टिअरिंग डावीकडे असते आणि भारतात आणायच्या गाडीचे स्टिअरिंग उजवीकडे असावे लागते. ती तेथेच विकावी लागेल, हे धरूनच मुलाने पर्याय निवडावेत. फार खासगी आवडीचा रंग आणि पट्टे असलेल्या गाडीला पुढचे गिऱ्हाईक शोधायला वेळ लागतो.

प्रश्न : उद्या गाडी ताब्यात घ्यायची आहे. सह्या करताना काय पाहावे?

उत्तर : गाडी दिवसाउजेडी पाहावी आणि सह्यांच्या आधी पाहावी. डीलरच्या दुकानात केलेला व्यवहार तीन दिवसांत रद्द करता येतो असा समज आपल्या मंडळींत दृढ आहे. तो चुकीचा आहे, ग्राहकाला विचार बदलण्यासाठी तीन दिवस देणारा संघराज्याचा नियम अशा खरेदीला लागू नाही. स्टिकरवरची प्रत्येक ओळ गाडीशी ताडून पाहावी, ओडोमीटरचा आकडा पाहावा, चाकांच्या कडा आणि पुढच्या बंपरची खालची बाजू वाकून पाहावी.

मग आपल्याला दुसऱ्या खोलीत नेले जाईल, जेथे वाढीव वॉरंटी, रंगाचे संरक्षण, टायरांचा विमा असे बरेच काही विकले जाते. कंपनीची ३ वर्षे किंवा ३६ हजार मैलांची संपूर्ण आणि इंजिन-गिअरबॉक्ससाठी ५ वर्षे किंवा ६० हजार मैलांची वॉरंटी किमतीत आलेलीच आहे. वाढीव वॉरंटी हवी असेल तर कंपनीचीच घ्यावी आणि ती आजच घ्यायची घाई नाही. मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत ती इतर डीलरांकडून कमी भावात घेता येते. गाडीच्या किमतीपेक्षा कर्ज अधिक राहणार असेल, तर त्या फरकाचा विमा आपल्या नेहमीच्या विमा कंपनीकडे किंवा क्रेडिट युनियनकडे बराच स्वस्त असतो. करारावरचा एकूण आकडा डीलरने लेखी पाठवलेल्या आकड्याशी जुळत नसेल, तर पेन खाली ठेवावे आणि कागद पुन्हा छापून मागावा, मग त्यात तासभर गेला तरी चालेल. निघण्यापूर्वी दोन्ही किल्ल्या चालवून पाहाव्यात आणि डिकी उघडावी : या गाडीत जादा चाक येत नाही, त्याऐवजी हवा भरण्याचा पंप असतो, तो जागेवर आहे का ते बघावे.